आवळून जोडलेले डबे

१२ जानेवारी १९३६, रविवार

आजपासून रोजनिशी. साहेबांनी मागच्या सालची कोरी डायरी दिली. तारखा छापील आहेत, वार चुकतात. वार खोडून मी नीट करतो.

पहिल्या पानावर नाव, गाव, धंदा असं छापलंय. नाव नथू बाबाजी. गाव आंबी, हल्ली मुक्काम वलवण, लोणावळा. धंदा तूर्त कोरा ठेवला. बंगल्याचा राखणदार असं एकदा लिहिलं की ते कायमचं होऊन बसतं.

बंगला बिवलकर साहेबांचा. पुण्याचे वकील. सुट्टीला येतात, बाकी वर्षभर मी आणि बंगला. आज सकाळी आले, दुपारच्या गाडीने परत गेले. पण जाताना माझं नशीब उघडून गेले.

मागच्या खोलीत साहेबांची रेल्वे आहे. विलायती, पत्र्याची, चावीची. खोलीभर टेबल, त्यावर रूळ, दोन इंजिनं, अकरा डबे. निम्म्या डब्यांना जुनी कपलिंगं, म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याच्या कडीत हाताने अडकवायचा. निम्म्यांना नवी, धक्का लागला की आपोआप अडकणारी. जुनं नव्याला धरत नाही. त्यामुळे अख्खी गाडी एकत्र कधी धावलेलीच नाही. साहेबांनी मुंबईहून नव्या कपलिंगांची पेटी आणली. म्हणाले, जुनी काढ, ही बसव. त्यांची छत्री मी तारेने दुरुस्त केली होती, ते त्यांच्या लक्षात आहे. इस्टरला कोर्ट बंद असतं, तेव्हा पाहुणे घेऊन येणार. तोवर अख्खी गाडी नीट फिरायला लागली तर स्टेशनात माझ्यासाठी शब्द टाकणार.

निश्चय: उद्यापासून तंबाखू बंद.

१३ जानेवारी

तंबाखू संक्रांतीनंतर.

१४ जानेवारी, संक्रांत

वलवणच्या अंबूमावशी सकाळी झाडलोट करायला येतात. त्यांनी तिळगूळ दिला. परत द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून नुसताच गोड बोललो. मावशी म्हणाल्या, "बरं वाटत न्हाई का रं तुला?"

घरी गेलो नाही. आंबी सोडून दीड वर्ष झालं. आंबीजवळच्या तळेगावाहून लोणावळ्याला गाडी तासाभरात येते, पण परमुलूख तो परमुलूख, तो तासावर मोजायचा नसतो. आईला सांगून निघालो होतो, रेल्वेचा डगला अंगात घातल्याशिवाय उंबरा चढणार नाही. आता डगल्याशिवाय कसं जाणार?

शिवाय घरी मंडळीही नाहीत. आखाडात टाकव्याला माहेरी नेल्या त्या सासऱ्यांनी परत पाठवल्या नाहीत. सासरे भिमाजी म्हणाले, आधी जावई काय करतो ते कळू द्या. बरोबरच आहे. भिमाजींना जावई वजनदार पाहिजे. मीही त्यांच्या जागी तेच म्हणालो असतो.

१९ जानेवारी, रविवार

टाकव्याचा हौशीराम गवताची बैलगाडी घेऊन लोणावळ्याला टांगेवाल्यांकडे येतो. आज भेटला. म्हणाला, भिमाजी विचारत होते. मी सांगितलं, रेल्वेत आहे म्हणावं.

खोटं बोललो असं वाटत नाही. रेल्वेच आहे. तिच्यावर माझ्याशिवाय कुणाचा हात नाही. खऱ्या रेल्वेत असं किती जणांना म्हणता येतं?

२३ जानेवारी

पेटी उघडली. नवी कपलिंगं नीट पाहिली. पसंत पडली नाहीत.

रोज संध्याकाळी मी स्टेशनच्या पुलावर उभा राहून यार्ड बघतो. इतक्या गाड्या घाट चढून येतात, एकीलाही हे आपोआप अडकणारं नाही. तिथे आकडा, कडी आणि मध्ये आट्याचा दांडा. माणूस दोन डब्यांच्या मधे वाकून शिरतो, कडी आकड्यात टाकतो, आटा फिरवून आवळतो. काय रुबाब असतो. धक्का देऊन अडकवायला माणूस कशाला पाहिजे? ते म्हैससुद्धा करील.

साहेब शिकलेले आहेत पण घाटातले नाहीत. त्यांना तोंडावर सांगणं बरं दिसणार नाही. करूनच दाखवावं. मी खऱ्यासारखी कपलिंगं बनवणार. पेटी माळ्यावर ठेवली.

२६ जानेवारी, रविवार

यार्डात महिपती म्हणून डबे जोडणारा आहे. त्याला तंबाखू देऊन ओळख केली. (त्याला द्यायची म्हणून बाळगावी लागते. त्याच्यासमोर आपण न खाणं उद्धटपणाचं दिसतं.) त्याला विचारलं, जोडण्यातलं मर्म काय. म्हणाला, "आवळून जोडायचं. बफर बफराला टेकला पायजे. ढील ऱ्हायली का घाटात डबं हिसकं खात्यात."

बफर म्हणजे डब्याच्या टोकाला धक्का झेलणारे लोखंडी तवे. घरी येऊन हे वाक्य पाठ केलं. आवळून जोडायचं. सगळ्या संसाराला लागू आहे.

४ फेब्रुवारी

सामान जमलं. जुन्या छत्रीच्या काड्या, मच्छरदाणीच्या कड्या, आणि बाथरूममधल्या टबाच्या बुचाची साखळी. टबात साहेब वर्षातून दोनदा बसतात. साखळीची त्यांना आठवणही येणार नाही.

सगळ्या डब्यांची कपलिंगं काढली. नव्यांचीसुद्धा. अर्धं काम अर्धंच दिसतं.

९ फेब्रुवारी, रविवार

हौशीराम टांगेवाल्यांकडे भेटला. भिमाजी विचारतात, रेल्वेत म्हणजे नक्की काय करतो? सांगितलं, डबे जोडतो.

हौशीराम जरा घुटमळला. म्हणाला, हे सांगू का? मी म्हणालो, छाती काढून सांग.

१६ फेब्रुवारी, रविवार

हौशीरामने सांगितलं. भिमाजी काय म्हणाले? "काय न्हाई. उठून गोठ्यात गेलं."

भारावले असणार. मोठी माणसं चारचौघांत दाखवत नाहीत.

२० फेब्रुवारी

चार डबे तयार. महिपती सांगतो तसे आवळले, बफराला बफर. सरळ रुळावर इंजिनामागे असे गेले की मलाच टाळी वाजवावीशी वाटली. वाजवलीही. बंगल्यात आवाज फार घुमतो.

वळणावर चारही डबे रुळाखाली. रूळ झाडले नव्हते. अंबूमावशींना बोललो. त्या म्हणाल्या, रेल्वेची खोली झाडायची न्हाई म्हणून तूच सांगितलंस.

२१ फेब्रुवारी

रूळ स्वतः झाडले. पुन्हा पडले. हवा दमट आहे.

२७ फेब्रुवारी

मधल्या डब्याच्या खिडकीत बाई रंगवलेली आहे. मडम आहे, टोपी आहे. पण बसायची ढब ओळखीची. टाकव्याहून पहिल्यांदा आंबीला आल्या तेव्हा बैलगाडीत अशाच बसल्या होत्या, इकडे न बघता. दौतीतली लाल शाई काडीने लावून मडमेला कुंकू केलं. बरं दिसतं. टोपी मात्र काही करता येत नाही.

त्या डब्याचं कपलिंग सगळ्यात मजबूत केलं आहे.

३ मार्च

पडण्याचं कारण सापडलं. डबे हलके आहेत. खऱ्या डब्यात माणसं असतात, माल असतो. प्रत्येक डब्यात तांदूळ भरले. आंबेमोहोर, साहेबांच्या कोठीतला. गाडी वजनदार झाली. इंजिन जागेवर फिरफिर फिरलं आणि दमलं.

४ मार्च

इंजिन कमी पडतं तर घाटात काय करतात? मागून दुसरं इंजिन लावतात, ते ढकलतं. साहेबांकडे दुसरं इंजिन आहे आणि त्यांना हे सुचलं नाही. वकिली वेगळी, रेल्वे वेगळी.

दोन्ही इंजिनांना चावी देऊन एकदम सोडली. पुढचं ओढतंय, मागचं ढकलतंय, मधे डबे. वळणावर मधले डबे एकमेकांच्या अंगावर उभे राहिले. मडमेचा डबा सगळ्यात वर. आधी तोच खाली उतरवला.

रुळावर उंदीर आला असावा.

८ मार्च, रविवार

होळी. मावशींनी पोळी आणून दिली. बाहेर ओसरीवर बसून खाल्ली. वलवणच्या बाजूने बोंबा ऐकू येत होत्या. मीही एकदा हळूच मारून पाहिली. कुत्र्याने उत्तर दिलं.

हौशीराम भेटला होता. त्याला आणखी सांगितलं. भिमाजींना म्हणावं, जावई पावसापाण्यातही जोडतो. अंधारातही. हलत्या गाडीच्या मधे शिरतो. सगळ्या यार्डात असा दुसरा नाही. हौशीराम म्हणाला, "नथूभाऊ, जरा कमी सांगितलं तर?" मी म्हणालो, तू निरोप्या आहेस, निरोप सांग.

त्याला आमच्या मंडळींचं विचारलं. म्हणाला, बऱ्या आहेत. शेण काढताना गाडीची शिट्टी आली की कामशेत स्टेशनाच्या बाजूला बघत राहतात.

हे मी दोनदा सांगायला लावलं.

१५ मार्च, रविवार

निरोप पोचला. भिमाजींनी त्या रात्री जेवण टाकलं म्हणे. आनंदाने भूक जाते, मलाही होतं तसं. पण मंडळींना पाठवण्याबद्दल अक्षर नाही. उघड आहे, नुसत्या सांगण्यावर भागणार नाही, भिमाजींना डोळ्यांनी बघायचं असणार. म्हणून इस्टरला नोकरीचं पक्कं व्हायलाच पाहिजे.

२८ मार्च

सरळ रुळावर अकरा डबे उत्तम. वळणावर नाही. वळणं कमी करता येतील का पाहिलं. गाडी टेबलावर गोल फिरायची आहे, वळणं लागतातच.

महिपतीला विचारलं, तुमच्याकडे वळणावर काय करता? तो म्हणाला, आमचं वळण मैलभर असतं, कळतसुद्धा नाही. तुझं केवढं? मी हाताने दाखवलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, एवढ्याशा वळणाला ढील पाहिजे, डब्याला मान वळवायला जागा ठेव की.

महिपती चांगला माणूस आहे पण तत्त्वाला पक्का नाही. परवा आवळून म्हणाला, आज ढील म्हणतो. मी पहिला शब्द धरून आहे.

९ एप्रिल

उद्या येणार. कोठीत तांदूळ कमी दिसेल म्हणून डब्यांतला परत भरला. पण मग वजन गेलं, म्हणून डब्यांत खडी भरली. बंगल्याच्या वाटेवरची, धुऊन घेतली.

एक उपाय केला आहे. वळणाजवळ मी स्वतः उभा राहणार आणि डबे पडायला लागले की अंगठ्याने हलकेच दाबणार. पाहुण्यांचं लक्ष इंजिनाकडे असतं.

निश्चय: उद्या कमी बोलायचं.

१० एप्रिल, गुड फ्रायडे

साहेब, त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई, पुण्याचे पाहुणे. पाहुण्यांत एक जण स्टेशनातल्या मोठ्या साहेबांच्या ओळखीचे. चहा झाल्यावर सगळे मागच्या खोलीत.

साहेबांनी वाकून पाहिलं. विचारलं, ही कपलिंगं कुठली? मी सांगितलं, घाटातली. अरुंधतीबाईंनी विचारलं, ही टबाची साखळी नाही का? मी कमी बोलायचं ठरवलं होतं.

चाव्या दिल्या. सोडली. सरळ रुळावर सगळे वा वा म्हणाले. ते मी कानांनी ऐकलं आहे, कुणी नाही म्हणू नये.

वळणावर अंगठा लावला. पण डबे अकरा आणि अंगठे दोन. मागचं इंजिन थांबेना. पुढचं इंजिन टेबलाच्या कडेवरून खाली गेलं, आणि मी सगळं इतकं आवळून जोडलं होतं की एकही डबा सुटला नाही. अख्खी गाडी एकामागोमाग शिस्तीत फरशीवर गेली. खडी पाहुण्यांच्या पायापर्यंत.

अरुंधतीबाईंनी एक डबा उचलला आणि म्हणाल्या, "हिला कुंकू कुणी लावलं?"

मी खडी गोळा करायला बसलो.

१२ एप्रिल, रविवार

शब्द टाकला! साहेबांनी आज बोलावून सांगितलं. पाहुण्यांशी बोलणं झालं आहे, मे महिन्यापासून यार्डात हंगामी खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा गडी, म्हणून जायचं. म्हणाले, "तुला खऱ्याच रेल्वेत पाठवतो. तिथलं काही तुझ्या हातून मोडणार नाही."

म्हणजे माझ्या कपलिंगांची मजबुती त्यांनी ओळखली. इंजिनाच्या चावीची कमान तुटली, ती विलायती होती. कपलिंग एकही तुटलं नाही. जाणकार माणूस फळ बघत नाही, काम बघतो.

माळ्यावरची पेटी साहेबांना परत दिली. त्यांनी ती उघडून पाहिली आणि बराच वेळ बंद केली नाही.

२४ एप्रिल

बिघाड. हौशीराम बंगल्यावरच आला, टांगेवाल्याने पत्ता दिला म्हणे. मी मागच्या खोलीत चेपलेले डबे ठोकून नीट करत होतो. तो दारात उभा राहून बघत राहिला. मग खाली बसला. मग हसायला लागला. "ह्ये डबं जोडतोस व्हय तू?"

त्याला पानसुपारी दिली. शपथ घातली. आठवड्याने खऱ्या यार्डात लागणार आहे, तोवर तोंड उघडू नकोस म्हणालो. हो म्हणाला. पण वाटेला लागल्यावरही हसताना ऐकू येत होता.

४ मे

यार्डात लागलो. डगला अजून मिळाला नाही, हंगामी माणसाला देत नाहीत. पहिल्या पानावर धंदा लिहिला: रेल्वे.

बंगल्यावरची खोली सोडली. आता यार्डामागच्या चाळीत आठ जणांत. तरी बंगल्यातल्यापेक्षा इथे जास्त एकटं वाटतं, कारण तिथे निदान बोलायला डबे होते.

खरं कपलिंग जड आहे. कडीने हात सोलवटतो. मधे वाकून शिरलं की दोन्हीकडून बफर येताना दिसतात. महिपती ओरडतो, डोकं खाली ठेव. पुलावरून हे सगळं वेगळं दिसायचं.

८ मे

हौशीरामने भिमाजींना सांगितलं असेल का? असेल तर त्यांनी येऊन बघावंच. आता दाखवायला खरं आहे.

१० मे, रविवार

भिमाजी आले.

यार्डाच्या तारेपलीकडे उभे दिसले. मला इतका आनंद झाला की हात धुवायलाही थांबलो नाही. मालगाडी शंटिंगला होती. महिपती थांब म्हणत होता, तरी हलत्या वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, मधे शिरलो. वाकलो, कडी फेकली, आटा फिरवला. बफर कानाजवळ वाजले. बाहेर येऊन भिमाजींकडे पाहिलं. ते खाली बसले होते. डोकं धरून.

जवळ गेलो. रामराम केला. त्यांनी रुळांकडे बोट केलं. मग म्हणाले, "माजा धाकला भाऊ असाच मेला. दोन बफरांच्या मदी. तुजं काम आइकलं तवापासून पोरगी घरात ठिवली. म्हनलं, कुकू पुसून यायचं त्यापरीस न्हाई ग्येली तर चालंल."

ते पुढे म्हणाले, "मग हौशीराम म्हनला, त्यो खोटं सांगतोय, बंगल्यात खेळन्यातल्या गाड्या पुसतोय. आइकून इतकं बरं वाटलं. पोरीला म्हनलं, बोचकं बांध. सकाळच्या गाडीनं घिऊन आलो. बंगल्यावं ग्येलो तर मावशी म्हनली, यार्डात लागला."

सांगितलं, आबा, सोडतो हे. बंगल्यावर परत जातो.

"तितं दुसरा मानूस ठिवलाय. त्या मावशीचाच भाचा हाय."

मग म्हणालो, हंगामीच आहे, दुसरं काही बघतो. ते म्हणाले, "बघ. बघितलंस का सांग." आणि उठले.

स्टेशनात सरू बाकाच्या टोकाला बसली होती. बोचकं मांडीवर. सासऱ्यांसमोर बोलायची रीत नाही. तिनं पाणी प्यायलं का, एवढंच विचारायचं होतं. तेही भिमाजींना विचारलं. ते म्हणाले, प्यायली.

पुण्याच्या गाडीला रविवारची गर्दी. जादा डबा लावायचा होता, महिपतीने हाक मारली. मी मधे शिरलो. सरू त्याच डब्यात चढली. दाराजवळ पाय दिसले, ओळखले. कडी टाकली. आटा फिरवला. आवळून जोडला, हाताला जमेल तेवढा आवळला.

गार्डाची शिट्टी झाली. महिपती ओरडला, नीघ. घाईत पलीकडच्या बाजूला निघालो. फलाट राहिला गाडीच्या त्या अंगाला. या अंगाला नुसत्या बंद खिडक्या. मी डब्याबरोबर थोडा चालत गेलो, मग खडी संपली.

गाडी वेळेवर गेली.

तिनं हात केला असणार. या बाजूने दिसत नाही.